विश्लेषण : वायफाय बूस्टर लावूनही आतल्या खोलीत इंटरनेट का रखडते?

हॉलमध्ये सिनेमा न अडखळता चालतो. आतल्या खोलीत मात्र मुलाचा ऑनलाइन वर्ग किंवा नोकरीची मुलाखत सुरू झाली की चित्र गोठते, आवाज तुटतो. कॉल सेंटरला विचारले तर ‘आमच्याकडून स्पीड पूर्ण येत आहे’ असे उत्तर मिळते. दुकानदार बूस्टर घ्यायला सांगतो, कंपनी मोठा प्लॅन सुचवते. अनेक ग्राहक दोन्ही घेतात आणि तरीही आतली खोली होती तशीच राहते. कारण वेग नेमका कुठे गळतो, हे पाहण्याआधीच पैसे खर्च झालेले असतात. ही गळती शोधायची कशी, बूस्टर कधी उपयोगी पडतो, कधी पडत नाही आणि दोष कंपनीचा असेल तर ग्राहकाने काय करावे, याचा आढावा.

मोडेम, राउटर आणि बूस्टर : कोणाचे काम काय?

भिंतीवरच्या त्या पेटीला आपण सरसकट ‘मोडेम’ म्हणतो. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून इंटरनेट येत होते तेव्हा ते नाव बरोबर होते. आता बहुतेक घरांत फायबर आले आहे. काचेच्या तंतूतून आलेल्या प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणाऱ्या पेटीला ‘ओएनटी’ म्हणतात. आलेले इंटरनेट घरातल्या उपकरणांना वाटून देण्याचे काम राउटरचे, तर ते हवेतून पोहोचवण्याचे काम वायफायचे. हल्ली ही तिन्ही कामे एकाच पेटीत होतात. त्यामुळे बिघाड कोणत्या भागात आहे, हे ग्राहकाच्या लक्षात येत नाही.

बाजारात ‘बूस्टर’, ‘रिपीटर’ आणि ‘एक्स्टेंडर’ या तीन नावांनी विकले जाणारे उपकरण बहुतेक वेळा एकच असते. प्लगमध्ये खोचायची ही छोटी पेटी राउटरचा सिग्नल ऐकते आणि पुढे पाठवते. ती स्वतः इंटरनेट तयार करत नाही. तिच्यापर्यंत जे पोहोचेल, त्यापेक्षा जास्त ती देऊ शकत नाही.

१०० एमबीपीएसचा प्लॅन, मग फोनवर ३० का?

यातला पहिला गोंधळ एककाचा आहे. प्लॅनमधला वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर डाउनलोड होणाऱ्या फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये दिसतो. ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट उतरतात. डाउनलोडच्या पट्टीवर १२ हा आकडा दिसला तर वेग कमी नाही, तो पूर्णच आहे.

दुसरे कारण जुन्या पेट्यांचे. जोडणी घेताना मिळालेली पेटी अनेक घरांत फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालणारी असते. हा पट्टा लांब पोहोचतो, पण त्यावर गर्दी फार. शेजाऱ्यांचे वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांचाही वावर त्याच भागात असतो. या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारी चॅनेल तीनच आहेत : १, ६ आणि ११. सोसायटीत फोनवर वीस-पंचवीस वायफायची नावे दिसत असतील, तर ती सगळी या तीन वाटांवर गर्दी करत असतात.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक मोकळा आणि वेगवान आहे. मात्र भिंतींपुढे तो लवकर दमतो. दोन्ही पट्टे देणाऱ्या पेटीला ‘ड्युअल बँड’ म्हणतात. १०० एमबीपीएसच्या पुढचा प्लॅन घेताना आपली पेटी ड्युअल बँड आहे का, हे आधी विचारावे. नसेल तर वाढीव प्लॅनचे पैसे वायफायवर जवळपास वायाच जातात.

तिसरे कारण पेटीच्या मागे दडलेले असते. स्वस्त राउटरची लॅन केबल खोचायची खाच ‘फास्ट इथरनेट’ प्रकारची असते. तिची मर्यादाच १०० एमबीपीएस आहे. प्रत्यक्षात त्यातून ९५च्या आसपास मिळतात. ३०० एमबीपीएसचा प्लॅन असूनही केबलवर नेमके ९४-९५ दिसत असतील तर लाइनवर शंका घेण्याआधी खाच तपासावी. आतल्या आठ तारांपैकी चारच जोडलेल्या असल्या, तरी हाच आकडा दिसतो.

आतल्या खोलीत सिग्नल का पोहोचत नाही?

वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सिग्नलची ताकद एक चतुर्थांश होते. घरात त्यात भिंतींची भर पडते. प्लायवूडचे पार्टिशन लहरींना फारसे अडवत नाही. विटांची भिंत काही प्रमाणात अडवते. लोखंडी सळ्यांचे काँक्रीट त्याहून बरेच जास्त अडवते. कोकणातल्या चिऱ्याच्या जाड भिंती किंवा जुन्या वाड्याच्या दगडी भिंती असतील, तर पलीकडच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ पोहोचण्याची आशा कमीच. धातू आणि पाणी हेही मोठे अडथळे. लोखंडी कपाट, फ्रीज, मोठा आरसा, पाण्याची टाकी, माशांची काचपेटी यांच्या आड गेलेला सिग्नल फार क्षीण होतो.

आता आपल्याकडे मोडेम कुठे बसतो ते पाहा. फायबरची तार जिथून घरात शिरते तिथेच, म्हणजे दरवाजाजवळ किंवा टीव्हीच्या मागे. तंत्रज्ञाला तार कमी लागते आणि घरातल्यांना पेटी दिसायला नको असते. मग तिला टीव्हीच्या कपाटात कोंबले जाते. घराच्या एका टोकाला बसलेल्या पेटीचा अर्धाअधिक सिग्नल जिन्यात आणि शेजारच्या घरात जातो.

म्हणून पहिला उपाय बिनपैशांचा आहे. पेटी कपाटातून बाहेर काढा, माणसाच्या छातीच्या उंचीवर किंवा त्याहून वर ठेवा आणि शक्य तितकी घराच्या मध्यावर आणा. यात एक खबरदारी घ्यावी. फायबरची बारीक तार स्वतः ओढू नये आणि कोपऱ्यात घडी पडेल अशी वाकवू नये. तीव्र वळणावर प्रकाश बाहेर गळतो आणि लाइनच कमकुवत होते. जागा बदलायची असेल तर कंपनीच्या माणसाला बोलवावे. नाहीतर ओएनटी जागेवर ठेवून तिथून लॅन केबल मधल्या खोलीत न्यावी आणि तिथे वेगळा राउटर बसवावा.

बूस्टर लावल्यावर दांड्या पूर्ण, पण वेग नाही. असे का?

ग्राहकांची सर्वाधिक निराशा इथेच होते. बूस्टर आतल्या खोलीत खोचला की फोनवर सिग्नलच्या दांड्या पूर्ण दिसतात. व्हिडीओ मात्र गोल-गोल फिरतच राहतो. याचे कारण साधे आहे. फोनवरच्या दांड्या फोन आणि बूस्टर यांच्यातला सिग्नल दाखवतात. बूस्टर आणि राउटर यांच्यातला दुवा किती कच्चा आहे, हे त्यावरून कळत नाही. जिथे सिग्नल पोहोचतच नाही अशा खोलीत बूस्टर बसवला तर तो तो कमजोर सिग्नलच मोठ्या आवाजात पुढे सांगतो.

दुसरे कारण वेग निम्मा होण्याचे. साधा बूस्टर एकाच पट्ट्यावर, एकाच चॅनेलवर ऐकतो आणि बोलतो. ही दोन्ही कामे तो एका वेळी करू शकत नाही. प्रत्येक माहिती हवेतून दोनदा जाते, एकदा राउटरकडून बूस्टरकडे आणि पुन्हा बूस्टरकडून फोनकडे. त्यामुळे मिळणारा वेग साधारण निम्म्यावर येतो. दोन पट्ट्यांचा बूस्टर एका पट्ट्यावर ऐकून दुसऱ्यावर बोलू शकतो, म्हणून त्यात हे नुकसान कमी होते.

तिसरे कारण खोक्यावरच्या आकड्यांत आहे. ‘एन ३००’ लिहिलेला बूस्टर ३०० एमबीपीएस इंटरनेट देत नाही. तो आकडा २.४ गिगाहर्ट्झवरची कागदी कमाल मर्यादा सांगतो. ‘एसी १२००’ म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ यांची गोळाबेरीज. फोन एका वेळी सहसा एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज त्याला कधीच मिळत नाही.

मग बूस्टर कुठे लावावा?

बूस्टर जिथे इंटरनेट हवे त्या खोलीत लावायचा नसतो. राउटर आणि ती खोली यांच्या मधोमध, जिथे मूळ सिग्नल अजून चांगला आहे, तिथे तो लावायचा. जागा ठरवण्याची सोपी युक्ती आहे. ज्या प्लगमध्ये बूस्टर लावायचा विचार आहे, तिथे फोन घेऊन उभे राहा, मूळ वायफायला जोडा आणि वेग मोजा. तिथे ६० एमबीपीएस मिळाले तर एका पट्ट्याच्या बूस्टरनंतर आतल्या खोलीत साधारण ३०पर्यंत मिळू शकतील. तिथेच ८ मिळत असतील तर बूस्टर घेऊ नका.

३० हा आकडा कमी वाटेल, पण एका व्हिडीओ कॉलला साधारण ३ ते ४ एमबीपीएस पुरतात. म्हणजे अशा घरात बूस्टर खरेच उपयोगी ठरतो. हजार-दोन हजार रुपयांत एका खोलीचा प्रश्न सुटत असेल तर तो खर्च योग्यच आहे. त्याच्याकडून अख्ख्या घराची अपेक्षा ठेवली की निराशा पदरी येते.

आणखी एक नेहमीचा अनुभव. बूस्टरने वायफायला वेगळे नाव दिलेले असते. फोन एकदा ज्या नावाला चिकटला ते नाव पूर्ण तुटेपर्यंत सोडत नाही. हॉलमध्ये परत आल्यावरही तो बूस्टरलाच जोडलेला राहतो आणि राउटरशेजारी बसूनही वेग कमी मिळतो. अशा वेळी फोनचे वायफाय बंद करून पुन्हा सुरू करावे किंवा नाव हाताने निवडावे.

‘मेश’ आणि केबल : कोणत्या घराला काय?

मेश म्हणजे एकमेकांशी समन्वय ठेवणाऱ्या दोन किंवा तीन पेट्यांचा संच. अख्ख्या घरात वायफायचे नाव एकच राहते आणि माणूस एका खोलीतून दुसरीकडे गेला की फोन जवळच्या पेटीकडे सरकतो. चांगल्या संचात पेट्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा पट्टा राखलेला असतो. दुमजली घर, मोठा फ्लॅट किंवा लांबट घर असेल तर बूस्टरपेक्षा मेश बरे. मात्र किंमत काही पटींनी जास्त असते आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेट्या एकमेकींशी जुळतीलच असे नाही. चिऱ्याच्या किंवा दगडी भिंतींपुढे मेशही हतबल होतो, कारण पेट्यांनाही हवेतूनच बोलायचे असते.

सर्वांत खात्रीचा उपाय सर्वांत जुना आहे : लॅन केबल. मुख्य पेटीपासून आतल्या खोलीपर्यंत केबल टाकून तिथे दुसरा राउटर ‘अॅक्सेस पॉइंट’ पद्धतीने लावला की वेग जवळपास पूर्ण पोहोचतो. केबलचे काम १०० मीटरपर्यंत बिनबोभाट चालते, म्हणजे कोणत्याही घराला ते पुरे आहे. घरात नूतनीकरण किंवा वायरिंगचे काम निघणार असेल तर विजेच्या वायरिंगपासून वेगळ्या पाइपातून प्रत्येक खोलीत एक केबल टाकून घ्यावी. हा खर्च तेव्हाच परवडतो, नंतर भिंत फोडणे नको वाटते.

खरेदीआधी अर्ध्या तासाची चाचणी

पैसे खर्च करण्याआधी पुढील क्रमाने पाहावे.

१. पेटीवरचे दिवे पाहा. ‘एलओएस’ हा लाल दिवा लागला असेल किंवा लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. यावर घरात उपाय नाही, तक्रार नोंदवा.

२. लॅपटॉप केबलने थेट पेटीला जोडा आणि वेग मोजा. लॅपटॉप नसेल तर पेटीपासून दोन मीटरवर उभे राहून, ५ गिगाहर्ट्झवर, घरातली बाकीची उपकरणे बंद करून फोनवर मोजा.

३. हीच चाचणी सकाळी, दुपारी आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास करा.

४. मग खोलीखोलीत जाऊन मोजा. प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट ठेवा.

आता निदान सोपे होते. पेटीजवळच वेग कमी असेल तर दोष लाइनचा किंवा पेटीचा. पेटीजवळ पूर्ण आणि खोलीत कमी असेल तर दोष घरातल्या वायफायचा. दिवसा पूर्ण पण रात्री रोज घसरत असेल तर लाइनवर गर्दी झालेली आहे. फायबरच्या नेहमीच्या ‘जीपॉन’ पद्धतीत सुमारे २.५ गिगाबिटची एक वाहिनी ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असू शकते. त्यामुळे सगळे एकाच वेळी पाहू लागले की वाटा कमी येतो. त्याच्या पुढे कंपनीने वरून घेतलेली क्षमता अपुरी असेल तरीही रात्रीच फटका बसतो. यावर बूस्टर हा उपाय नाही. आणि एकाच फोनवर वेग कमी असेल, बाकीच्यांवर ठीक असेल, तर दोष त्या फोनचा.

एक बाब वेगळी तपासावी. महिन्याच्या अखेरीसच वेग कोसळत असेल तर प्लॅनमधली डेटा मर्यादा संपलेली असू शकते. ‘अनलिमिटेड’ प्लॅनलाही ठरावीक वापरानंतर वेग कमी करण्याची अट असते. ती बारीक अक्षरांत छापलेली असते.

दोष कंपनीचा असेल तर?

तोंडी किंवा स्थानिक केबलवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर केलेली तक्रार नंतर सिद्ध करता येत नाही. कंपनीच्या तक्रार केंद्रात किंवा अॅपवर नोंद करून तक्रार क्रमांक घ्या. ‘ट्राय’च्या २०१२च्या तक्रार निवारण नियमांनुसार ही द्विस्तरीय पद्धत आहे. तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान झाले नाही, तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्यावर ३९ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. ‘ट्राय’ स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, हेही लक्षात ठेवावे.

त्यापुढे ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये स्पष्ट केले. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार देता येते. इथे तुमचे तीन वेळांचे स्क्रीनशॉट, बिले आणि तक्रार क्रमांक उपयोगी पडतात.

देशात ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घेण्यासाठी डाउनलोडचा किमान वेग २ एमबीपीएस असा निकष जानेवारी २०२३मध्ये ठरला. त्याआधी तो ५१२ केबीपीएस होता. हा तळ फार खाली आहे. त्यामुळे भांडायचे ते आपल्या प्लॅनमध्ये लिहिलेल्या वेगावरून.

जोडणी बंद करताना पेटीवरून वाद होतात. पेटी विकत दिली की परत करायची अनामत आहे, हे सुरुवातीलाच पावतीवर पाहावे. परत देताना पेटीचा अनुक्रमांक लिहिलेली पोच घ्यावी. ती नसेल तर अनामत अडकते किंवा महिन्यांनंतर पेटीची रक्कम मागणारा फोन येतो.

मोबाइल बूस्टर आणि वायफाय बूस्टर एकच का?

नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. वायफाय बूस्टर विनापरवाना वापराच्या पट्ट्यांत चालतो, तो घरात लावायला हरकत नाही. मोबाइलची रेंज वाढवणारा सिग्नल बूस्टर किंवा रिपीटर मात्र परवानगीशिवाय लावणे बेकायदा आहे. त्यामुळे परिसरातल्या टॉवरच्या कामात अडथळा येतो आणि शेजाऱ्यांचे कॉल तुटतात. ऑनलाइन बाजारात दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात, म्हणून नाव वाचून घ्यावे. घरात मोबाइलची रेंज नसेल तर फोनमधले ‘वायफाय कॉलिंग’ सुरू करून पाहावे.

वीज गेल्यावर काय?

घरात इन्व्हर्टर नसेल तर वीज जाताच पेटी बंद पडते, पण फायबर सहसा जिवंत असते. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस काही तास काम भागवतो. घेताना पेटीच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्यावेत. बहुतेक पेट्या १२ व्होल्टच्या असतात, पण सगळ्या नाहीत. ओएनटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना वीज लागेल, हेही विसरू नये.

थोडक्यात, वेग तीन ठिकाणी गळतो : कंपनीच्या लाइनवर, पेटीत किंवा घरातल्या भिंतींत. मोठा प्लॅन भिंत पातळ करत नाही आणि बूस्टर लाइन दुरुस्त करत नाही. आधी पेटीजवळचा आकडा पाहावा. पाकिटाला हात त्यानंतर.